लाल गाडी आणि वडिलांचे ब्रेकर
परवा गॅरेजसमोर गरम ऑइलचा वास आला आणि माझी जुनी घेतलेली लाल स्पोर्ट्स कार आठवली. दिसायला झोकात, पण इतकी बुटकी की ब्रेकरवर तिचं पोट घासायचं. मेकॅनिकने बजावलं होतं, “अजून एक दणका बसला तर ऑइलचा चेंबर फुटंल. पार्ट हितं मिळायचा न्हाई.” त्याच आठवड्यात वडिलांना घेऊन सकाळीच श्रीरामपूरहून कोपरगावला निघालो. पहिल्याच ब्रेकरवर खालून खर्रकन आवाज आला, तसे वडील दार उघडून उतरले. “माझं वजन कमी व्हईल, तू काढ हळू.” मग गावोगाव तेच. मी श्वास रोखून गाडी तिरकी पलीकडे काढायचो आणि आरशात पाहायचो, तर वडील दूध डेअरीसमोर कुणाशी तरी उसाच्या गप्पा मारत उभे. एके ठिकाणी तर चहाच आला. “लई दिसांनी गाठ पडली गड्याची,” म्हणत ते खुशीत गाडीत बसले. कोपरगावला पोहोचायला दुपार झाली, पण चेंबर शाबूत राहिला. आता माझी गाडी चांगली उंच आहे, ब्रेकर कळतसुद्धा नाही. तरी त्या रस्त्यावर डेअरी दिसली की वडील दाराला हात घालतात, “थांब रं, उतरतो.” मी गाडी बंदच करतो.