वहिनींच्या मुलीसाठी मी केलेली प्रार्थना

एकोणिसाव्या वर्षी मी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये गेले आणि एकविसाव्या वर्षी मला घरी परत पाठवलं.

मदरनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. टेबलावर एक पत्र उघडं पडलं होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं नाही, पण समोर उभ्या उभ्या मला अक्षर दिसलं. आमच्या चिखले गावातल्या बायकांच्या मंडळाच्या याद्या ज्या अक्षरात असत, तेच अक्षर. मदर एवढंच म्हणाल्या, "तुझ्या गावाहून कळलंय, एका मुलाशी तुझा पत्रव्यवहार होता. असं असताना इथं राहणं बरोबर नाही." मी रडून सांगितलं की चिठ्ठ्या तो पाठवायचा, मी फाडून टाकायचे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या दिवशी वडील मला न्यायला आले.

तो मुलगा म्हणजे आमच्या शेजारच्या चिकूवाडीतल्या वहिनींचा दीर. आणि ते अक्षर वहिनींचं.

कॉन्व्हेंटमधून परत आलेल्या मुलीला स्थळं येत नाहीत. जी आली त्यांनी आधी विचारलं, "परत का पाठवलं?" पुढे तीही थांबली. दीर लग्न करून परदेशी गेला. मी शिवणाचं मशीन घेतलं. कॉन्व्हेंटने मला परत पाठवलं होतं, पण शिवण शिकवून पाठवलं होतं, तेवढं मात्र खरं. आईवडील गेले. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला वहिनी माझ्या दोन बाक पुढे बसायच्या आणि मी त्यांच्या अंबाड्याकडे बघत देवाचं नाव घ्यायचे. सत्तावीस वर्षं.

२०१५ साली आमच्याकडे नवीन फादर आले. ते वर्ष पोपसाहेबांच्या सांगण्यावरून जगभरच्या चर्चमध्ये सिस्टर-ब्रदरांसाठी, व्रतस्थांसाठी पाळलं जात होतं. फादरांनी ठरवलं की पाचारणासाठी, म्हणजे आपल्यातल्या तरुण मुलामुलींना देवाच्या सेवेची हाक ऐकू यावी यासाठी, घरोघर प्रार्थना करायची. एक लाकडी क्रूस आठवडाभर एका घरी राहील, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या घरी जाईल. तो नेऊन ठेवायचं आणि प्रार्थना म्हणून घ्यायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. त्यांना माझी जुनी हकीकत माहीत नव्हती. ते म्हणाले, "तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला वेळ असतो."

प्रार्थनेत एक वाक्य होतं: हे प्रभो, आमच्या घरातून एकाला तुझ्या सेवेसाठी बोलव. घरोघरी हे वाक्य आलं की आवाज खाली जायचा. आया मुलांकडे बघायच्या. सगळ्यांना सिस्टर हव्या होत्या, शाळेत हव्या होत्या, दवाखान्यात हव्या होत्या, पण दुसऱ्याच्या घरच्या.

क्रूस वहिनींच्या घरी गेला त्या दिवशी त्यांनी स्वतः प्रार्थना वाचली. खणखणीत आवाजात. आणि ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी वाचलं, "आमच्या गावातून एकाला." घरातून नाही, गावातून. कागद माझ्याही हातात होता. मी वर बघितलं. त्यांच्या शेजारी त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती, बावीस वर्षांची, कॉलेज संपवून घरी आलेली. वसईचं एक स्थळ तिच्यासाठी जवळजवळ पक्कं झालं होतं. वाडी, घर, सगळं तिच्याच नावे व्हायचं होतं.

त्या क्षणी मला कळलं मी देवाकडे काय मागायचं.

मी घरी येऊन गुडघे टेकले आणि त्या मुलीचं नाव घेऊन म्हटलं, "हिला बोलव. ह्याच घरातून, हिलाच." पुढचे नऊ महिने दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उपास करून मी तेच मागितलं. मला लाज वाटली नाही. मी कुणाचं मरण मागत नव्हते, आजार मागत नव्हते. पोपसाहेब जे मागा म्हणत होते तेच मागत होते. फक्त का मागतेय ते माझं मला माहीत होतं.

नुसतं मागून गप्प बसले नाही. झरीला सिस्टरांच्या मिशनमध्ये मी आठवड्यातून दोन दिवस पाड्यांवरच्या मुलींना शिवण शिकवायला जायचे. एके दिवशी वहिनींच्या मुलीला म्हटलं, "घरी बसून काय करतेस? माझ्याबरोबर चल, मुलींना मोजमापं लिहायला शिकव."

वहिनीच म्हणाल्या, "जा गो, लग्नापर्यंत जरा मन रमेल."

मला आतल्या आत हसू फुटलं.

मुलगी यायला लागली. सकाळच्या एसटीने तलासरी, तिथून जीपने झरी. पाड्यांवरच्या मुली तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलायच्या, ती हसत चुकीची उत्तरं द्यायची, महिनाभरात बरोबर द्यायला लागली. एकदा सिस्टरांच्या दवाखान्यात एका म्हातारीला खांद्यावर घालून आणलं. पायाला जखम होती, तीत किडे झाले होते. वासाने मी दारातूनच मागे फिरले. वहिनींच्या मुलीने खाली बसून तो पाय आपल्या मांडीवर घेतला आणि सिस्टर एकेक किडा काढेपर्यंत तासभर धरून ठेवला. म्हातारी ओरडत होती, ही तिच्या गुडघ्यावर थोपटत होती. नंतर हात धुताना तिचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मला ओळखीचा होता. एकोणिसाव्या वर्षी आरशात बघितला होता.

मला तिच्याबद्दल काही वाटायला हवं होतं. मला वाटलं, वहिनी, गेली तुमची मुलगी.

२०१६ च्या सुरुवातीला तिने घरी सांगितलं. वसईच्या लोकांना नकार गेला. वहिनींच्या घरून दोन दिवस भांडणाचे आवाज येत होते, आणि मी मशीन बंद ठेवून ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या घरी आल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढून तशाच उभ्या राहिल्या.

"तिला सांग गो तू," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकते ती. सांग की घरात राहूनही देवाची सेवा होते."

"मी पाचारणाची प्रार्थना म्हणून घेते वहिनी. मीच कशी अडवू?"

"एकुलती एक आहे माझी."

"मीपण माझ्या आईची एकुलतीच होते."

त्या खाली बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"अक्षर दिसलं होतं."

"दिराने तुला लिहिलेल्या, अजून न पाठवलेल्या चिठ्ठ्या सासऱ्यांच्या हाती लागल्या होत्या. दिराचं लग्न ठरत होतं, ते मोडलं असतं. कुणावर तरी ढकलायचं होतं. तू लांब होतीस, कॉन्व्हेंटमध्ये. मला वाटलं, तिथं तुला काय फरक पडणार."

ही बाई रागाने वागली असती, मत्सराने वागली असती, तर मी कदाचित विरघळले असते. पण काय फरक पडणार! माझ्या अख्ख्या आयुष्याचा विचार तिने तेवढाच केला होता.

"माफ कर मला," वहिनी म्हणाल्या.

"ते बघेन मी. पण मुलीला थांबवणार नाही. नऊ महिने उपास करून मागून घेतलंय तिला. तुम्ही त्या दिवशी गावातून म्हणालात ना? मी तुमच्या घरातून म्हणत होते."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. चपला न घालताच त्या बाहेर पडल्या. मग परत येऊन घातल्या.

कॉन्व्हेंटने मुलीविषयी गावातल्या एका जबाबदार बाईचं पत्र मागितलं. फादर म्हणाले, "तुम्हीच लिहा, तुम्ही तिला जवळून ओळखता." मी तीन संध्याकाळी बसून ते लिहिलं. म्हातारीच्या पायाचं लिहिलं, पाड्यांवरच्या भाषेचं लिहिलं, ती कधी कुणाविषयी वाईट बोलत नाही हेही लिहिलं. सगळं खरं. इतकं चांगलं पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही, आणि प्रत्येक ओळ लिहिताना मला वहिनींचा चेहरा दिसत होता.

जूनमध्ये ती गेली.

२०१९ च्या मे महिन्यात झरीच्या चर्चमध्ये तिची पहिली व्रतं झाली. तिचा पांढरा झगा शिवायला सिस्टरांनी माझ्याकडेच दिला होता. समारंभाआधी मागच्या खोलीत मी खाली बसून तिच्या अंगावरच त्याची किनार सारखी करत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, आईने मला सगळं सांगितलंय. मी इकडे यायच्या आधीच."

मी सुई किनारीत खोचून ठेवली.

"मला दहावीपासून सिस्टर व्हायचं होतं," ती म्हणाली. "घरी बोलायची हिंमत नव्हती. तुम्ही क्रूस घेऊन आलात त्याच्या कितीतरी आधीपासून."

मला कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. नऊ महिन्यांचे उपास केले होते मी.

"पत्र रागाने लिहिलंत?" तिने विचारलं.

"हो."

"खरं लिहिलंत?"

"अक्षर न् अक्षर."

"मग झालं," ती म्हणाली, आणि झगा उचलून बाहेर गेली.

व्रतं घेताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. वहिनी पहिल्या बाकावर रडत होत्या. मी प्रार्थनेचं पुस्तक मिटून फक्त त्यांनाच बघत होते. नंतर फादरांनी त्यांना पुढे बोलावलं, हार घातला. पाड्यांवरच्या बायका रांग लावून त्यांचे हात हातात घ्यायला लागल्या, "सिस्टरची आय, सिस्टरची आय" म्हणत. वहिनी रडता रडता हसायला लागल्या. त्यांना आता जन्मभर हा मान मिळणार होता, आणि तो मी मिळवून दिला होता. जेवणाचं ताट माझ्याने संपलं नाही.

महिन्याभराने मी फादरांकडे कुमसाराला गेले, पापं कबूल करायला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं,

"त्या प्रार्थनेचा पस्तावा होतो?"

"नाही, फादर."

"त्यांना माफ केलंत?"

"नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, "मग त्या बाईंसाठी दहा नमो मरिया म्हणा. एवढं तरी होईल?"

मी शेवटच्या बाकावर बसून दहा म्हटल्या. बोटांवर मोजून. अकरावी म्हटली नाही.