सहा ते दहा

संध्याकाळचे सहा वाजले की तळमजल्यावरचे परब घरातला पंखा बंद करून जिन्यात येत. उकाडा असो, घरी पाहुणे असोत, पंखा बंद. मग ते चौथ्या मजल्यापर्यंत चढत, उतरत, पुन्हा चढत. कुणाच्या घरातून मिक्सरचा आवाज आला की दाराशी थांबून म्हणत, "दहानंतर लावा. नाहीतर सकाळी." उत्तराची वाट न बघता ते पुढच्या पायरीवर असत. इमारतीतल्या मुलांनी त्यांना 'सहा-ते-दहा' हे नाव दिले आणि थोरांनी ते उचलले. परब हे आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरले.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मधला. अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चार मजली, सोळा घरांची इमारत होती. परबांना आम्ही काका म्हणत असू. ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायरमन होते. विजेचे दर वाढले तेव्हा मालकाने फलकावर सूचना लावली: सहा ते दहा या वेळेत मोठी यंत्रे चालवायची नाहीत, त्या वेळची वीज महाग पडते. पाळी सकाळी लवकर सुरू होऊ लागली. रोज साडेपाचला मुख्य खटका खाली ओढायचा आणि घरी यायचे, असा काकांचा दिवस ठरला.

घरी आल्यावरही तो खटका त्यांच्या हातातून सुटत नसे. "सहाला सगळ्या मुंबईत दिवे लागतात, पंखे लागतात, टीव्ही लागतात," ते सांगत. "तेव्हा वीज कमी पडते. कमी पडते ती महाग होणारच. कारखान्याक एक न्याय आणि घराक दुसरा, असा कसा चलात?" ऐकणाऱ्याला हे पटे. मलाही पटले.

जिन्याखाली एका फळीवर सगळ्यांची मीटरे होती. सुटीच्या दिवशी काका मनगटावरचे घड्याळ काढून हातात धरत आणि चकतीवरची लाल खूण किती सेकंदांनी समोर येते ते बघत. दुपारी एक पंखा लावून, संध्याकाळी पुन्हा तोच पंखा लावून. फेरी तेवढ्याच वेळात पुरी होई. दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकर बँकेत होते. त्यांनी एकदा हटकले.

"काका, चकती तर सारखीच फिरते ना?"

"फिरणारच. युनिट तेवढंच. त्याचा भाव वेगळा."

"हे बिलावर कुठे लिहिलंय?"

"सगळं कागदावर लिहितात काय रे? तुझ्या बँकेत लिहितात?"

पेडणेकर हसले आणि वर गेले. पण त्या दिवसापासून त्यांच्याकडची इस्त्री सकाळी होऊ लागली.

मी तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि एका दैनिकात उपसंपादक होतो. एका रविवारी काका आले. बसले नाहीत. "तुझी भाषा साफ आहे. चार ओळी लिहून दे," म्हणाले. मी लिहून दिले: "सहा ते दहा या वेळेत इस्त्री, मिक्सर, मोटार वापरू नये. या वेळेत विजेचा दर जास्त आहे." दुसऱ्या वाक्याला आधार काय, हे मी विचारले नाही. कचेरीत एका आकड्यासाठी मी दोन ठिकाणी फोन करत असे. इथे एकही केला नाही. कागद जिन्याशी लागला.

पुढच्या दोन महिन्यांत बिले खरोखरच उतरली. त्याचे कारण नंतर कळले. नवे दर टप्प्यांचे होते: पहिल्या काही युनिटांना एक भाव, पुढच्यांना चढा, त्यापुढे आणखी चढा. संध्याकाळी टाळलेली कामे लोक नंतर करतच असे नव्हते, पुष्कळदा ती राहून जात. पावसाळ्यात पंखेही कमी लागत. एकूण वापर घटला, वरचा टप्पा टळला. काकांना मात्र बिले हा आपल्या म्हणण्याचा पुरावा वाटला. ती हातात घेऊन ते घरोघरी दाखवत फिरले.

पहिल्या मजल्यावरच्या सुलभाताई कांबळे दिवसा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जात आणि संध्याकाळी मोटार लावलेल्या शिलाई मशीनवर लहान मुलींचे फ्रॉक शिवत. घाटकोपरचा एक व्यापारी बेतलेले कापड देई. दिवाळीचा माल सर्वांत मोठा. त्याच्या मजुरीवर त्यांच्या मुलीची नर्सिंगची फी ठरलेली होती. त्यांचा शिवायचा वेळ नेमका सहा ते दहा. काकांनी सांगितल्यावर त्यांनी संध्याकाळी मशीन झाकून ठेवले आणि कामावर जाण्याआधी, पहाटे शिवू लागल्या. चार तासांच्या जागी जेमतेम दोन मिळत. माल उशिरा जाऊ लागला. नवरात्र संपता संपता व्यापाऱ्याने उरलेले कापड परत मागवले आणि दुसरीकडे दिले.

त्याच आठवड्यात बिल आले. पाऊस सरला होता, पंखे पुन्हा रात्रभर फिरत होते; बिल वाढलेले होते. सुलभाताई ते घेऊन खाली आल्या.

"काका, सहा ते दहा मशीनला हात लावला नाही. काम पण गेलं. मग हे काय?"

काकांनी बिल उलटसुलट करून बघितले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला घेऊन वीज कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने ऐकून घेतले.

"घरगुती मीटरला वेळेचा दर नाही."

"आणि कारखान्याला?"

"ते वेगळं. काका, तुमच्या मीटरमध्ये घड्याळ आहे का? महिन्याचे युनिट मोजतो, टप्पे लावतो, संपलं. पहाटे वापरा, संध्याकाळी वापरा, तोच भाव."

काकांनी तोच प्रश्न आणखी दोन प्रकारे विचारला. तिसऱ्या वेळी कारकुनाने मागच्या माणसाला पुढे बोलावले. परत येताना काका रिक्षात बसायला तयार नव्हते. भराभर चालत, मध्येच थांबत, माझ्याकडे बघत आणि पुन्हा चालू लागत.

कागद मी लिहिला होता, म्हणून दुरुस्तीचा कागदही मीच लिहून लावतो, असे मी म्हणालो.

"नको," काका म्हणाले. "कागद तुझा होता, पण लोकांनी ऐकलं माझं. तोंडान सांगितलंय, तोंडानच परत घेतंय."

त्या संध्याकाळी त्यांनी एकेक दार वाजवले. प्रत्येक दाराशी एकच वाक्य: "माझं चुकलं, दर सगळ्या वेळेला एकच आहे." पेडणेकरांनी संधी सोडली नाही.

"म्हणजे आता मिक्सर लावू? की लेखी परवानगी लागेल?"

"लाव. हसायचं ते पण हसून घे. पण आधी बायकोला सांग, ती पहाटे उठून वाटण वाटते."

पेडणेकरांचे हसू तिथेच राहिले.

पहिला मजला काकांनी शेवटी ठेवला होता. सुलभाताई "बसा" म्हणाल्या. ते उंबऱ्यातच राहिले आणि वाक्य म्हणाले.

"तुम्ही काय जबरदस्ती केली होती का, काका?"

"जबरदस्ती केली असती तर तू ऐकलं नसतंस," काका म्हणाले आणि खाली गेले.

मुलीची फी भरली गेली. त्यासाठी सुलभाताईंचे कानातले गेले. काका पुढच्या रविवारपासून घाटकोपरला जाऊ लागले. व्यापारी आधी दारात उभे करीना. "मला माल टाइमावर पाहिजे, लाइटचं मला कशाला सांगता?" असे त्याने दोनदा सुनावले. पाचव्या रविवारी त्याने शाळेच्या गणवेशांचा एक गठ्ठा दिला, आठ दिवसांच्या बोलीवर. काकांनी तो खांद्यावरून आणला आणि सहाव्या दिवशी शिवलेला माल स्वतः नेऊन दिला. तेव्हापासून नेण्या-आणण्याचे काम त्यांचे झाले. ताईंनी नको म्हणून बघितले, पण काकांनी तो विषय पुढे जाऊ दिला नाही. संध्याकाळी जिन्यातली चढ-उतार चालूच होती. आता फ्यूज उडाला की हाक मारायच्या आत ते तार घेऊन मीटरच्या फळीशी असत.

तीन वर्षांनी कारखाना मुंबईबाहेर गेला. काका तिकडे गेले नाहीत. काकींना घेऊन कणकवलीजवळच्या गावी जायचे त्यांनी ठरवले. एसटी पकडायला संध्याकाळी सातला निघायचे होते. रिक्षा आली, सामान चढले, काकी बसल्या. काका चौथ्या मजल्यापासून निरोप घेत उतरू लागले. त्यांची एक पिशवी घेऊन मी मागे होतो. पहिल्या मजल्यावर दार लोटलेले होते आणि आत मशीन चालू होते. काकांनी कडीकडे हात नेला. मग तो मागे घेतला. खालून काकींनी हाक मारली, "ओ, येतास मां?" ते आणखी थोडा वेळ तिथे उभे राहिले आणि दार न वाजवता खाली उतरले.

पुढे मी हे सुलभाताईंना सांगितले. त्यांना ते ठाऊक होते.

"चपलांचा आवाज कळला होता मला."

"मग उठला का नाहीत?"

"उठले असते तर मशीन थांबलं असतं," त्या म्हणाल्या. "ऐकत होते ना ते."