भाऊ घरी होता ती तीन वर्षं

माझा धाकटा भाऊ तीन वर्षं घरी होता. आजारी नव्हता, नोकरीवरून काढलेलाही नव्हता. मुलगी दीड वर्षाची असताना बायकोला कंपनीत बढती मिळाली, तेव्हा मीच घरी थांबतो, असं तो आपणहून म्हणाला. बनशंकरीत आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

त्याला ते छान जमलं. लसींच्या तारखा, तापाचं औषध, नाचणीची आंबील, सगळं त्याच्या डोक्यात असे. संध्याकाळी पोरीला खांद्यावर घेऊन तो बागेत जायचा आणि प्रत्येक झाडाचं नाव एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये सांगायचा.

त्याला वाईट असं कुणीच बोललं नाही. किराणावाला रोज विचारायचा, अण्णा, आजपण रजा का, आणि हसायचा. बालवाडीतल्या मुलांच्या आयांनी फोनवर ग्रुप केला, त्यात याला सोडून याच्या बायकोला घेतलं. ती ऑफिसात मीटिंगमध्ये असली की निरोप तसेच पडून राहायचे. एकदा सगळी मुलं फुलपाखरं नि भाजीवाल्या होऊन आली आणि आमची छोटी तेवढी रोजच्या कपड्यांत. त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, त्या बायका तुझ्या ओळखीच्या आहेत, मला ग्रुपमध्ये घ्यायला सांग ना त्यांना. बायकांच्यात तू कशाला, असं मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

आमचे अप्पा कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे की मुलगा घरून काम करतो. कुणी विचारलं तर तूही हेच सांग, असं त्यांनी मला बजावलं होतं.

मग चुलत बहिणीचं लग्न आलं. पंगतीत शेजारी बसलेल्या एका मामांनी भावाला विचारलं, हल्ली कुठे असतोस. तो सरळ सांगू लागला, "सध्या मी मुलीला सांभाळायला..."

"घरून काम करतो तो," मी मध्येच म्हणाले. "मोठी कंपनी आहे."

मामांनी समाधानानं मान डोलावली. भावानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीला भात भरवू लागला.

दोन महिन्यांनी त्यानं इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली. सकाळी साडेसातची बस, घरी यायला आठ. छोटी पाळणाघरात जाऊ लागली. अप्पांनी पेढे वाटले. मलाही हायसं वाटलं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी मी त्याला म्हटलं, त्या लग्नात मी तसं बोलायला नको होतं. तो ते विसरला असेल, अशी मनातून आशा होती.

"लोकांचं मी कधी मनावर घेतलंच नव्हतं, अक्का," तो म्हणाला. "पण तुलाही लाज वाटते हे कळल्यावर मग दम राहिला नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. थोड्या वेळानं तो इस्त्रीचे कपडे आणायला निघून गेला.

छोटी आता नऊ वर्षांची आहे. शाळेत बरं वाटेनासं झालं की ती आईला फोन लावायला सांगते, आई भेटली नाही तर मला. तिला घ्यायला मी जाते. बाबांना फोन करू का, असं मी एकदा वाटेत विचारलं, तर नको म्हणाली, बाबा कामात असतात.