वयस्कांसाठीचा खेळ

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. मी कॉलेजात आहे खरा, पण तेवढ्यानं लिहिता येतं असं नाही. घरातल्या माणसांविषयी चारचौघांत सांगायचा अधिकार मला आहे का, हेही नक्की ठाऊक नाही. शिवाय मी रागात लिहितो आहे. रागात लिहू नये, असं आमचे मराठीचे सर सांगतात. राग उतरेल म्हणून मी बरीच वाट पाहिली. तो उतरत नाही.

हा राग पोटच्या लेकरांना खूनबाजीचे आणि भुताखेताचे सिनेमे दाखवायला नेणाऱ्या आईबापांवर आहे. अशा माणसांना विचारलं तर ती एकच वाक्य बोलतात, "त्याला काय कळतंय?" हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते माझ्या दाजींच्या तोंडून.

राज्यांची नवी वाटणी होऊन फार दिवस झाले नव्हते. विदर्भ मुंबईकडे गेला आणि आम्ही बऱ्हाणपूरवाले इकडेच राहिलो. कचेरीतली मराठी हळूहळू गेली, पाट्या हिंदी झाल्या. आम्ही गावातल्या बुधवाऱ्यात राहतो. वडील कापसाच्या जिनात कामाला आहेत. मी खंडव्याला कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. धोंड्याचा महिना होता, म्हणून मायनं डोईफोडियाहून माझ्या बहिणीला आणि जावयाला बोलावलं होतं. बरोबर त्यांची पोरगी होती, जेमतेम चार वर्षांची. भारी बोलकी. आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं, "मामा, तू एवढा मोठा झाला तरी शाळेत का जातो? नापास झाला का?"

धोंड्याच्या महिन्यात आमच्याकडे जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला अनारसे, त्याला दिवा, त्याच्या पायावर पाणी. दाजींना हे नारायणपण चांगलंच मानवलं होतं. जेवण झालं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चला, आज सगळ्यांना पिच्चर दाखवतो."

वडील जिनातून आले नव्हते. बाकी आम्ही सगळे तिसऱ्या प्रहरच्या खेळाला निघालो. थेटराच्या भिंतीवर मोठं चित्र रंगवलेलं होतं. मोकळ्या केसांची बाई, हातात दिवा, मागे काळोख. खाली हिंदीत लिहिलं होतं, 'केवल वयस्कों के लिए'.

दाजींनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि खूश होऊन मायला म्हणाले, "बघा मामी, तुमच्यासाठीच लागलाय. वयस्क लोकांसाठी!"

मायनं चित्राकडे पाहून हात जोडले. "देवीच दिसते. धोंड्यात देवाधर्माचं पाहायला मिळतंय, बरंच झालं."

मी म्हणालो, "माय, ही देवी नाही. आणि हिंदीत वयस्क म्हणजे म्हातारी माणसं नव्हे. वयात आलेली माणसं. लहान पोरांना मनाई आहे, असं लिहिलंय ते."

"वा रे मास्तर!" दाजी हसले. "माझा बाप वयस्क झाला, त्याचे दात पडले. आता तो वयात आला म्हणू का? त्याचं दुसरं लगीन लावू?"

बहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा दाजी म्हणाले, "मनाई असती तर दारावरचा आत सोडेल का? चला, त्यालाच विचारू." दारावरच्या माणसानं पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गोद में बिठा लेना," एवढंच म्हणाला. आमच्या पुढे एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन आत गेली, मागे एक गृहस्थ दोन पोरांची बोटं धरून. एकाही पोराला कोणी अडवलं नाही.

इथवरची चूक मी माफ करतो. वयस्क शब्दाचा अर्थ आमच्या मराठीत म्हाताराच होतो. पाटी लिहिणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती, त्याला दाजी काय करणार? पण सिनेमा सुरू झाल्यावर शब्दाचा प्रश्न उरला नव्हता. डोळ्यांना दिसत होतं. एका माणसानं त्या मोकळ्या केसांच्या बाईला तिच्याच पदरानं गळा आवळून मारलं आणि विहिरीत टाकलं. मग त्या विहिरीतून हात वर यायला लागला.

"त्या बाईला काढा," आमची पोरगी मोठ्यानं म्हणाली. मग, "आई, तिला काढायला सांग ना."

पुढे कोणीतरी हसलं. तान्हं लेकरू केव्हापासून रडत होतं. मागचा गृहस्थ आपल्या पोराला सांगत होता, "देख, देख, अभी निकलेगी." मागून आवाज आला, "अरे, बच्चों को चुप कराओ! डायलॉग सुनने दो!"

बहीण पोरीला उचलून उठली. दाजींनी तिचा पदर धरून खाली बसवलं.

"कुठं निघाली? बस."

"अहो, घाबरलीय ती."

"तिला काय कळतंय? आणि घाबरली तर घाबरू दे. भीती मोडते अशानं. आज उठली तर जन्मभर भित्री राहील."

त्यांनी पोरगी आपल्या मांडीवर घेतली, तोंड पडद्याकडे केलं. तिनं रडत डोळ्यांवर हात ठेवले. त्यांनी ते हात काढले आणि धरून ठेवले. हसत होते. रागानं केलं असतं तर मी कदाचित समजून घेतलं असतं.

मी उठलो. "दाजी, तिला माझ्याकडे द्या."

मायनं माझी बाही ओढली. "जावयाशी भांडतो? धोंड्याच्या महिन्यात?"

मी दाजींची बोटं सोडवली आणि पोरीला घेऊन बाहेर आलो. आजूबाजूचे ओरडत होते, ते माझ्यावर. बाहेर लख्ख उजेड होता. गाडीवर केळी होती, ती मी तिला दाखवली. तिचं रडणं आतच थांबलं होतं. तिनं केळं घेतलं आणि हातात धरून उभी राहिली.

संध्याकाळी घरी मायनं मला दाजींच्या पाया पडायला लावलं. "चारचौघांत अपमान केला जावयाचा. पड पाया." मी वाकलो. दाजींनी मोठ्या मनानं पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "कॉलेजचं रगत आहे, जाऊ द्या," आणि अनारशाचा तुकडा मोडला. पोरगी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची माफी कोणी मागितली नाही.

त्या रात्री ती बोलली नाही. सकाळीही नाही. जेवतेस का विचारलं तर मान हलवायची. मायनं मीठमोहरी उतरवून टाकली. दाजी म्हणाले, "लाडानं करते, घरी गेली की बोलेल," आणि तिला घेऊन गेले. जाताना बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिला लिहिता येत नाही, म्हणजे पत्रानं खबर येणार नव्हती. डॉक्टरला दाखवा, असं मी दाजींना सांगितलं तर म्हणाले, "जिभेला काय झालंय? दाखवायचं काय?"

मी खंडव्याला परत गेलो. तिथं स्टेशनवर केळीचा माल घेऊन आमच्या भागातली माणसं येतात, त्यांना विचारत राहिलो. डोईफोडियाकडचा कोणी सहसा भेटेना. भेटला तर म्हणायचा, हो, पोरगी बरी आहे, जरा मुकी आहे. जरा मुकी! जिनं मला नापास ठरवलं होतं, ती.

तेव्हापासून मी थेटरात गेलो की पडद्यापेक्षा पोरांकडेच जास्त पाहतो. एकदा न राहवून मी शेजारच्या बापाला म्हणालो, "बाहर ले जाइए ना इसे." तो म्हणाला, "तेरा है क्या?" त्याचं पोर तोंड त्याच्या काखेत घालून बसलं होतं आणि तो मान धरून ते बाहेर काढत होता. अशी माणसं वाईट नसतात, असं मला पुष्कळांनी समजावलं. घरात बाई एकटी, पोराला ठेवायचं कुठं, गरिबाला दुसरी करमणूक काय. बाईच्या अडचणी मला मान्य आहेत. पण डोळ्यांवरचे हात काढायला कुठली अडचण भाग पाडते? आपल्या लेकराची घाबरगुंडी ही ह्या माणसांची करमणूक असते. सिनेमा फुकट दाखवला तरी ती पोराकडेच पाहतील. मला ह्यांचा तिटकारा आहे आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

शेवटी परवा बातमी आली. दाजींच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ डोळे दाखवायला खंडव्याला आले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "अरे, तुझी भाची बोलायला लागली की! चांगली घडाघडा बोलते. आमच्या ओट्यावर येऊन माझ्या सुनेचं डोकं खाते."

मी विचारलं, "दाजी खूश असतील?"

त्यांनी चष्मा पुसला.

"त्याला कुठं माहीत आहे? तो दारात आला की गप्प होते ती. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याला कोणी सांगितलेलं नाही."