कर्णबधिर : शून्य

"कर्णबधिर शून्य? वा, गाव ठणठणीत आहे तुमचं," साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. साहेब म्हणजे तालुक्याचे विस्तार अधिकारी. मी तारापूरजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावचा ग्रामसेवक.

दिव्यांगांची स्वेच्छा नोंदणी चालू होती. म्हणजे ज्याला वाटेल त्याने स्वतः येऊन नाव द्यायचं, आपण कुणाच्या दारात जायचं नाही. आमच्यासारख्या आळशांची मोठीच सोय. मी रिक्षावर भोंगा बांधून तीन दिवस गाव दणाणून सोडलं आणि यादी बंद केली.

दुसऱ्याच दिवशी सुकी मासळी विकणाऱ्या भारतीताई नणंदेला घेऊन ऑफिसात आल्या. नणंद जयवंती, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बोईसरची एक कंपनी तिला पॅकिंगच्या कामावर घेणार होती, पण दिव्यांगाचं सर्टिफिकेट महिनाअखेरपर्यंत आणलं तरच. आणि सर्टिफिकेट देणारे डॉक्टर तपासणार फक्त यादीतल्यांना.

मी विचारलं, भोंगा ऐकला नाही का? हो, मीच विचारलं, खोटं कशाला सांगू.

"मी बाजारात व्हते, भाऊसाहेब. घरात हीच व्हती," भारतीताई म्हणाल्या. "हिला कोन सांगल?"

मग मला आठवलं. वाटेवर वाळत घातलेले बोंबील बाजूला सारून एका मुलीने आमच्या रिक्षाला वाट करून दिली होती. वर हसलीही होती. ती हीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शून्य वर गेलंय, आता बदललं तर खुलासा द्यावा लागेल.

"देतो की, साहेब. लिहितो, ऐकू न येणाऱ्यांना आपण भोंग्यावरून बोलावलं."

"खुलासा राहू दे," साहेब घाईघाईने म्हणाले. मग एका दिवसाची मुदतवाढ मिळाली. प्रशासन इतकं संवेदनशील झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

जयवंतीने सही केली, रजिस्टरमधल्या खालच्या रिकाम्या ओळी पाहिल्या आणि तडक निघून गेली. दुपारी परतली ती गावातल्याच चौघांना घेऊन. पाचही जणांच्या हातवाऱ्यांनी गप्पा रंगल्या होत्या. चार वर्षं मी या गावात आहे, त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो.

महिना संपायच्या आत जयवंती कामावर रुजू झाली. शून्याचे एका दिवसात पाच कसे झाले, याचं कारण मात्र कागदावर हवं होतं. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं : 'प्रभावी प्रसिद्धी'. खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. जयवंतीचं नाव लाभार्थ्यांत आहे.