फुलं आणि सफरचंदं एका गाडीत

माझे सासरे जर्मनीत आखनला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या बॅगेत चार सदरे होते, मेतकुटाचा डबा होता आणि एक सवय होती. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन बूट काढते न काढते तोच ते विचारायचे, "हं, आज काय काय भरलंस?"

मी मालवाहतूक कंपनीत काम करते. कुठला माल कुठल्या ट्रकमधून कुठल्या देशात जाईल, हे ठरवायचं. नोकरी नवी होती, प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपायची होती, आणि तोवर एखाद्याला घरी बसवायला इथे फारसं कारण लागत नाही. सासऱ्यांचा जन्म कोल्हापुरात एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग टेबलावर गेलेला. त्यामुळे नुसतं 'टाइल्स' म्हणून माझी सुटका होत नसे. इटलीच्या का? उभ्या ठेवल्या की आडव्या? पोलंडहून दारं येतात, मग परत जाताना गाडी रिकामी जाते की काय? बाल्कनीतून हमरस्ता दिसायचा. ट्रकवरची नारिंगी पाटी दिसली की आत पेटणारं किंवा जाळणारं काहीतरी आहे, हे त्यांना आठवडाभरात पाठ झालं. डुकरांची गाडी गेली की मला हाक मारून दाखवायचे.

आधी मजा वाटली. पण दिवसभर तेच करून यायचं आणि घरी पुन्हा तोंडी परीक्षा! दुसऱ्या महिन्यात मी कावले. एका रविवारी नवऱ्याला म्हणाले, "बाबांना इथे करमत नाही रे. तिकीट अलीकडचं करून टाक." करमत नव्हतं ते त्यांना की मला, हे त्याने विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं. बाबांना कोणी सांगायचं ते आमचं ठरेना, म्हणून कोणीच सांगितलं नाही.

त्या आधीच्या बुधवारी मी खुशीत घरी आले. हॉलंडची फुलं व्हिएन्नाला जायची होती आणि गाडी निम्मी रिकामी होती. तिकडेच सफरचंदंही जायची होती, थंडी दोघांनाही साधारण सारखीच लागते. मी दोन्ही एकाच गाडीत पाठवायचं ठरवून टाकलं. बाबांना हे मी न विचारता सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सफरचंदं उतरव."

"का?"

"फुलं माना टाकतील. पिकत्या फळातून वायू सुटतो. मी एकदा हापूसच्या पेट्यांशेजारी निशिगंधाच्या टोपल्या भरल्या होत्या. लग्नघरी पोचेपर्यंत पार मलूल. नवरीचा बाप माझ्या टेबलासमोर रडला गं."

"अहो बाबा, हा युरोप आहे. इथे सगळं टेम्परेचर कंट्रोल्ड असतं."

"असेल. पण आपण युरोपात आहोत, हे त्या सफरचंदाला कुठे ठाऊक आहे?"

मला असा राग आला! स्वयंपाकघरात जाऊन दोन-चार भांडी आपटली आणि मग गुपचूप मोबाइलवर शोधलं. बाबा शंभर टक्के बरोबर होते. गाडी सकाळी भरायची होती. मी लगेच साहेबांना फोन लावला.

साहेब म्हणाले, "आल्झो, म्हणजे हे ध्यानात आलं नसतं तर सोमवारी आपल्याला वेगळं बोलावं लागलं असतं. कोणी सांगितलं?"

"सासऱ्यांनी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्यांना विचारत जा."

नोकरी वाचली होती. मी जवळजवळ धावतच बाबांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसून सदऱ्यांच्या घड्या घालत होते. बॅग उघडी होती.

"अहो बाबा, हे काय?"

"शुक्रवारी निघायचंय ना? तिकिटाचा कागद प्रिंटरवरच राहिला होता."

"मग आम्हाला काही बोलला का नाहीत?"

"कुठे जायचं ते मालाला कोणी विचारतं का?" ते हसत म्हणाले. "चाळीस वर्षं तेच केलं की मी."

चिडले असते तर बरं झालं असतं. मी मटकन खुर्चीत बसले. लाज वाटली, आणि रडूही आलं. "चुकलं माझं," मी म्हणाले. "तिकीट बदलायला मीच सांगितलं. आता विचारते. राहाल का?"

त्यांनी घडी घातलेला सदरा मांडीवर ठेवला. मग विचारलं, "शुक्रवारी काय भरायचंय?"

खरं म्हणजे शुक्रवारी नुसती वॉशिंग मशीन्स होती.

"केळी," मी म्हणाले. "आणि त्याच गाडीत किवी."

"अगं, वेड लागलंय का तुला?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी बॅगेतले सदरे पुन्हा बाहेर काढायला सुरुवात केली.