दोघांपैकी किमान एक

दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवरा स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होता आणि कॉलेजच्या मुलांना प्रोबॅबिलिटी शिकवून आमचं घर चालवत होता. मी डिपेंडंट व्हिसावर घरी, सातवा महिना लागलेला. बाळंतपणाला आई येणार हे मी इतकं गृहीत धरलं होतं की पाळण्याच्या आधी तिच्यासाठी गादी आणून ठेवली होती.

प्रश्न व्हिसाचा होता. आई-बाबांनी सांगलीहून मुंबईला जाऊन मुलाखत द्यायची होती, आणि कुणाला होकार मिळेल, कुणाला नकार, याचा काही नेम नव्हता. दोघं एकत्रच जातील, असं मी धरून चालले होते.

"नको," नवरा म्हणाला. "एकत्र गेले तर दोघांचा मिळून एकच डिसिजन होतो. हो तर हो, नाही तर नाही. वेगवेगळ्या अपॉइंटमेंट घेऊ."

मग जेवणाच्या टेबलावर त्याने माझा क्लास घेतला. व्हिसा मिळण्याची शक्यता अर्धी धरू. एकत्र गेले तर अर्ध्यावर विषय संपला. वेगवेगळे गेले तर दोघांनाही मिळण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव. दोघांनाही न मिळण्याची तेवढीच, पाव. ती एकातून वजा केली की उरते पाऊण. "म्हणजे अ‍ॅट लीस्ट एकाला मिळण्याचा चान्स पाऊण. सिंपल आहे यार."

फोनवर बाबांना हे सांगितलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आकड्यांना न घाबरणारे. "पण जावईबापू," ते म्हणाले, "अर्धा माझा नि अर्धा हिचा, म्हणजे पूर्ण एक झाला की. पाऊण कसा?"

नवऱ्याची कळी खुलली. "बाबा, माझ्या क्लासमध्ये सगळे हेच करतात. दोघांनाही मिळण्याचा जो पाव आहे, तो तुमच्या अर्ध्यातही येतो आणि आईंच्या अर्ध्यातही. दोनदा मोजला गेला ना? एकदा वजा करायचा." बाबांना ते पटलं, आणि कॉलिंग कार्ड संपलं.

मला कुठेतरी खुपत होतं, पण गणितात चूक सापडेना. पोट माझं, बाळंतपण माझं, आणि हे दोघे अपूर्णांकांत रमलेले.

बाबांची तारीख आधी आली. त्यांना लगेच व्हिसा मिळाला. पुढच्या आठवड्यात आईची मुलाखत झाली. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, तुमचे यजमान कुठे आहेत? आईने खरं ते सांगितलं, की त्यांना व्हिसा मिळालाय, तेही निघालेत. मुलगी तिकडे, जावई तिकडे, आता नवराही तिकडे. मग तुम्ही परत कशासाठी याल? आईने घराचं, शेजाऱ्यांचं, भजनी मंडळाचं सांगून पाहिलं. बाईंनी पासपोर्ट परत केला.

नवऱ्याने कागदावर पुन्हा आकडे मांडून पाहिले. मग म्हणाला, "ते इव्हेंट इंडिपेंडंट नव्हते." एकाच्या निकालाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तरच शक्यतांचा तसा सरळ गुणाकार करता येतो. इथे बाबांच्या होकारानेच आईचा नकार ओढवला होता.

"आणि अ‍ॅट लीस्ट एक म्हणजे कोण, हे विचारलंस मला?" मी म्हटलं, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. रागापेक्षा भीती जास्त होती. बाबांना चहासुद्धा धड करता येत नसे. आम्हा भावंडांना त्यांनी कधी कडेवर घेतल्याचंही मला आठवत नव्हतं.

बाबा एकटे आले. मुलगी झाली. तिची नाळ पडली त्या सकाळी बाबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, बाथटबमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "आण तिला."

मी जागची हलले नाही.

"अगं, आण. शेजारच्यांच्या नातवावर शिकलोय. तुझी आई समोर बसून ओरडायची."

त्यांनी पाणी कोपरावर घेऊन पाहिलं. तिला पायांवर पालथं घातलं, पाठीवर तेल चोळलं आणि हळूहळू पाणी सोडलं. कानामागेसुद्धा बोट फिरवायला विसरले नाहीत. सगळं आईच्या पद्धतीने चाललं होतं आणि आई नव्हती. मला रडू आवरेना.

बाबांनी वर पाहिलं नाही. "तुला आई हवी होती, कळतं मला," ते म्हणाले. "तिला नाही म्हणाले त्या दिवशी मी वकिलातीबाहेर फुटपाथवर थांबलो होतो. गेटवरच्या माणसाला विचारलं, माझा व्हिसा बायकोच्या नावावर करता येतो का."

"काय म्हणाला तो?"

"हसला," बाबा म्हणाले, आणि तांब्याने पाणी घालत राहिले.